जपानी स्वतः शिकताना मराठी सोबत ठेवा

घरातून निघताना जपानी माणूस 'इत्ते किमासु' म्हणतो. इंग्रजीतून शिकवणाऱ्याला हे दोन शब्द समजावून सांगायला परिच्छेद लागतो. मराठीत ते दोन शब्दांतच संपतं : 'जाऊन येतो'. इत्ते म्हणजे जाऊन, किमासु म्हणजे येतो. क्रमही तोच.

ही साधी गोष्ट मला जवळजवळ वर्षभर दिसली नाही. माझी पुस्तकं, ॲप, व्हिडिओ सगळं इंग्रजीत होतं. जपानी वाक्य आधी इंग्रजीत उलटसुलट करायचं आणि मग त्याचा अर्थ लावायचा, असा लांबचा फेरा मी रोज घालत होतो. एके दिवशी वहीत इंग्रजीऐवजी मराठी अर्थ लिहून पाहिला आणि महिनोन्‌महिने अडलेलं व्याकरण आठवड्याभरात सुटत गेलं. अमेरिकी परराष्ट्र खात्याची भाषा शिकवणारी संस्था जपानीला सर्वांत अवघड गटात ठेवते आणि तिच्यासाठी २२०० तास धरते, हे नवशिक्यांना पहिल्याच दिवशी कुणीतरी ऐकवतं. पण हा हिशोब इंग्रजी भाषकांचा आहे. तुमची मातृभाषा मराठी असेल तर वाक्यरचनेचा मोठा डोंगर तुम्ही लहानपणीच चढून आला आहात. साहित्य इंग्रजीत असलं तरी हरकत नाही. मात्र समजून घ्यायचं ते मराठीतून. पुढची प्रत्येक पायरी याच पायावर उभी आहे.

आधी उच्चार

पहिले तीन-चार दिवस फक्त ऐका आणि म्हणा. जपानीत पाचच स्वर आहेत : आ, इ, उ, ए, ओ. गुणवत्तेने ते आपल्या स्वरांजवळचे आहेत, लांबीने मात्र नाहीत. जपानी 'आ' आपल्या 'काम'मधल्या 'का'सारखा तोंड उघडून, पण आखूड म्हणायचा. 'ए' आणि 'ओ'सुद्धा मुळात आखूडच. हे स्वर लांबवले की शब्द बदलतो. ओबासान म्हणजे मावशी, काकू किंवा आत्या. ओबाऽसान म्हणजे आजी. बिरु म्हणजे इमारत, बीरु म्हणजे बिअर. (या लेखात आ, ए, ओ लांबवायचे असतील तिथे मी अवग्रह लावला आहे.)

इथे मात्रा मोजण्याची सवय कामी येते. जपानीत प्रत्येक अक्षर एका मात्रेचं, आणि लांबवलेला स्वर, जोडाक्षरातला अर्धा थांबा व अनुस्वार यांनाही प्रत्येकी एक पूर्ण मात्रा मिळते. तोऽक्योऽ हा दोन नाही, चार मात्रांचा शब्द. निप्पोन चार मात्रांचा : नि, प्, पो, न्. टेबलावर बोटाने ठोके देत शब्द म्हणा. किते (ये) आणि कित्ते (टपालाचं तिकीट) यांतला फरक बोटालाच कळेल.

काही ध्वनी तर आपल्यासाठी तयारच आहेत. 'त्सु' हा उच्चार जगभरच्या विद्यार्थ्यांना छळतो. मराठीत तो 'चूल'मधला च. 'चहा'तला च वेगळा, 'चूल'मधला वेगळा, हा भेद आपण न शिकवता करतो आणि जपानीत नेमका तोच भेद लागतो. जपानीतला न् पुढच्या अक्षराप्रमाणे रंग बदलतो : शिंबुन (वर्तमानपत्र) म्हणताना म्, गेंकि (ठणठणीत) म्हणताना ङ्, होंतोऽ (खरंच) म्हणताना न्. अंबर, अंक, अंत म्हणताना आपण दुसरं काय करतो?

सावध राहायचं ते इंग्रजीच्या सवयींपासून. ट आणि ड नकोत. त आणि द दातांना जीभ लावून म्हणायचे. तोऽक्योऽ म्हणा, टोकियो नको. 'फु' म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकवू नका, फुंकर मारल्यासारखा म्हणा. वाक्याच्या शेवटी 'देसु', 'मासु' यांतला उ जवळजवळ गिळला जातो आणि कानाला 'देस', 'मास' असंच येतं. शब्दात सूर वर-खाली होण्यानेही अर्थ बदलतो (आमे हा शब्द वरून खाली उतरवला की पाऊस, खालून वर चढवला की गोळी-चॉकलेटातली गोळी), पण सुरुवातीला याचे नियम पाठ करू नका. ऐकून नक्कल करा.

हिरागाना : ओळखीची वर्णमाला

हिरागानाची मूळ अक्षरं ४६. त्यांची मांडणी पाहिली की आपल्याला घरी आल्यासारखं वाटावं : आ इ उ ए ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा अशा ओळी. हा योगायोग नाही. बौद्ध भिक्खूंनी संस्कृत मंत्रांसाठी सिद्धम् लिपीचा अभ्यास जपानमध्ये नेला (भिक्खू कूकाइ चीनहून ८०६ मध्ये परतले, त्यांचं नाव यात अग्रभागी घेतलं जातं) आणि त्या अभ्यासातून ही मांडणी घडली. 'सा' आपल्या चवर्गाच्या जागी आणि 'हा' पवर्गाच्या जागी का, याचंही उत्तर आहे. अभ्यासकांच्या मते जुन्या जपानीत 'सा'चा उच्चार 'च'च्या जवळचा होता आणि 'हा' तर मुळात 'पा'च होता. म्हणजे क, च, त, प, मग य, र, व. शब्दकोशातला क्रमही हाच, त्यामुळे शब्द शोधणं वेगळं शिकावं लागत नाही.

'का'च्या खांद्यावर दोन छोट्या रेघा दिल्या की 'गा', 'ता'चा 'दा', 'सा'चा 'झा'. कठोर व्यंजनाचं मृदु व्यंजन करायची ती खूण. 'हा'वर त्याच रेघा दिल्या की 'बा' होतो आणि छोटं वर्तुळ दिलं की 'पा'. जुना उच्चार माहीत असला की हेही विचित्र वाटत नाही.

शिकायची पद्धत अशी : रोज दोन ओळी, म्हणजे दहा अक्षरं. प्रत्येक अक्षर योग्य क्रमाने रेघा काढत हाताने दहा वेळा लिहा, लिहिताना मोठ्याने म्हणा. दुसऱ्या दिवशी नवं घेण्याआधी कोऱ्या कागदावर कालचं आठवून लिहा, बघून नाही. आठवड्यात तक्ता पुरा होतो, दुसऱ्या आठवड्यात क्या, शु, चो यांसारखी जोडअक्षरं आणि शब्दवाचन. तिसऱ्या आठवड्यात काताकाना, म्हणजे परक्या भाषांतून आलेल्या शब्दांची लिपी. तिच्यातली 'शि' आणि 'त्सु', 'सो' आणि 'न्' ही अक्षरं एकमेकांसारखी दिसतात. रेघ वरून खाली ओढली आहे की खालून वर, यावर लक्ष ठेवा. हाताने लिहिणाऱ्याचा इथे गोंधळ कमी होतो.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. हिरागाना आली की देवनागरीत किंवा रोमन लिपीत जपानी लिहिणं बंद करा. मी या लेखात देवनागरी वापरतो आहे ती फक्त सोयीसाठी. अर्थ मराठीत, अक्षरं जपानी, अशी वही हवी.

तीन अक्षरं लिहिली जातात एक आणि वाचली जातात दुसरी. विषयदर्शक 'वा' लिहिताना 'हा', दिशादर्शक 'ए' लिहिताना 'हे', कर्मदर्शक 'ओ' लिहिताना 'वो'. एवढाच अपवाद, तो आत्ताच लक्षात ठेवा.

व्याकरण : इथे मराठी खरी सोबतीला येते

एक वाक्य घ्या.

वाताशि वा तोमोदाचि तो बासु दे एकि मादे इकिमासु.
मी मित्राबरोबर बसने स्टेशनपर्यंत जातो.

एकाखाली एक लिहा, शब्दाखाली शब्द येतो. तो म्हणजे बरोबर, दे म्हणजे ने, मादे म्हणजे पर्यंत. आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं नामाच्या मागे लागतात, जपानी निपात, म्हणजे तो, दे, मादे यांसारखे छोटे शब्द, तेही मागेच लागतात. फरक इतकाच की जपानीत सामान्यरूप नाही. 'मित्र'चं 'मित्रा' करायची भानगड नाही, शब्द आहे तसा ठेवायचा आणि निपात जोडायचा. वहीचं पहिलं पान यासाठी राखून ठेवा : नो म्हणजे चा-ची-चे, कारा म्हणजे पासून, मो म्हणजे 'ही' (वाताशि मो, मीही), योरि म्हणजे पेक्षा. 'दे' आणि 'नि' यांना वेळ द्या. दोन्हींचं मराठी बऱ्याचदा 'त' होतं. क्रिया जिथे घडते तिथे दे (शाळेत शिकतो), वस्तू किंवा माणूस जिथे आहे तिथे नि (शाळेत आहे). पोचण्याचं ठिकाण आणि घड्याळाची वेळ यांनाही नि.

आता 'वा' आणि 'गा'. यावर इंग्रजीत मोठमोठे ग्रंथ आहेत आणि माझे सर्वांत जास्त दिवस इथेच गेले. 'मला जपानी समजतं' हे वाक्य पाहा : वाताशि वा निहोंगो गा वाकारिमासु. इंग्रजीत समजणारा कर्ता असतो आणि भाषा कर्म, म्हणून इंग्रजीतून शिकणाऱ्याला इथे गा का आला हे पटतच नाही. मराठीत 'मला' बाजूला उभा आणि 'जपानी' प्रथमेत. गा लागतो तो नेमका त्या प्रथमेतल्या शब्दाला. हाच साचा पुढे किती ठिकाणी चालतो ते बघा : आवडणे (सुकि), हवं असणे (होशिइ), येणे या अर्थी जमणे (देकिरु). 'मला जपानी येतं' : निहोंगो गा देकिमासु. 'डोकं दुखतं' : आतामा गा इताइ. जिथे मराठीत 'मला' येतो, तिथे गाची चाहूल घ्यायची.

वा हा विषय मांडतो. 'हे पुस्तक तर मी वाचलंय' यातल्या 'तर'ने जे काम होतं, ते पुष्कळदा वा करतो. पण प्रत्येक वाच्या जागी 'तर' बसत नाही, म्हणून समीकरण मांडू नका. रोज चार-पाच वाक्यं वाचून आपण मराठीत ते कसं म्हटलं असतं हे मोठ्याने म्हणून पाहा. कान तयार होतो.

यानंतरची पायरी म्हणजे क्रियापदाचं 'ते' रूप. हे रूप म्हणजे आपलं 'ऊन'. ताबेरु (खाणे), ताबेते (खाऊन). काकु (लिहिणे), काइते (लिहून). याच्यामागे दुसरं क्रियापद जोडलं की काय होतं ते बघा :

ताबेते मिरु, खाऊन बघणे. (मिरु : बघणे)
काइते ओकु, लिहून ठेवणे. (ओकु : ठेवणे)
मोत्ते कुरु, घेऊन येणे. (कुरु : येणे)
वासुरेते शिमाउ, विसरून जाणे.

'खाऊन बघ' म्हणताना डोळ्यांचा काही संबंध नसतो, आणि 'लिहून ठेव' म्हणताना ठेवणं म्हणजे पुढच्या सोयीसाठी आधीच करणं, हे मराठी माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. जपानीत हीच क्रियापदं, हाच अर्थ. संयुक्त क्रियापदांचा हा सगळा प्रांत आपल्याला फुकट मिळतो. म्हणून 'ते' रूप बनवण्याचे नियम जरा कष्टाने, पण पुरते पाठ करा. या एका रूपावर पुढे फार गोष्टी उभ्या राहतात.

क्रियापदांचे गट दोन, आणि नियमात न बसणारी दोनच : सुरु (करणे) आणि कुरु (येणे). मोठ्या गटाला पुस्तकांत 'पाच पायऱ्यांची' क्रियापदं म्हणतात. आपण बाराखडी म्हणू. काकु हे क्रियापद का-कि-कु-के-कोवरून फिरवा : काकानाइ (लिहीत नाही), काकिमासु (लिहितो, अदबीने), काकु (लिहिणे), काकेबा (लिहिलं तर), काकोऽ (लिहू या). योमु (वाचणे) घेतलं की मा-मि-मु-मे-मो. तक्ते घोकण्यापेक्षा असं म्हणत जा. ताबेरुसारख्या दुसऱ्या गटात शेवटचा 'रु' काढायचा आणि प्रत्यय लावायचा, झालं.

'काल घेतलेलं पुस्तक' हेही तसंच : किनोऽ कात्ता होन. विशेषण-वाक्य नामाच्या आधी. वाक्याच्या शेवटी 'का' लावला की प्रश्न : किमासु का? येता का? 'ने' लावला की आपला 'ना' : आत्सुइ देसु ने, गरम आहे ना. नकारात 'नाइ'. हे शेवटचे तीन निव्वळ ध्वनिसाम्य आहे, दोन भाषांचं नातं त्यातून सिद्ध होत नाही. पण स्मरणाला आधार म्हणून खुशाल वापरा.

जिथे मराठी चकवते

काही बाबतीत जपानी आपल्याहून सोपी आहे. लिंग नाही, अनेकवचनाची सक्ती नाही, 'मी जातो, ती जाते' असा बदल नाही. आकडेही सरळ आहेत. एकोणपन्नास, एकोणसाठ असं काही नाही, ४९ म्हणजे चार-दहा-नऊ. मात्र मोठ्या संख्यांत दहा हजाराचा एकक (मान) धरतात. एक लाख म्हणजे दहा मान, हे सवयीने बसतं.

अडचण येते ती आदरात. मराठीत आदर कर्त्याला मिळतो : तू येतोस, तुम्ही येता. जपानीत देसु-मासुची अदब ऐकणाऱ्यासाठी असते, कर्ता कुणीही असो. 'पाऊस पडतो' याचं मराठीत आदरार्थी रूप होत नाही. जपानीत घरच्या माणसाला 'आमे गा फुरु' आणि परक्या माणसाला 'आमे गा फुरिमासु'. सुरुवातीला देसु-मासु रूपंच बोला, साधी रूपं ओळखायला शिका. अनाता (तुम्ही) हा शब्द तक्त्यात दिसला तरी सहसा टाळा. समोरच्याचं नाव घेऊन त्याला सान जोडा, किंवा कर्ता गाळून टाका.

देणे या एका क्रियापदासाठीही दोन शब्द लागतात. मी दुसऱ्याला देतो ते आगेरु, दुसरा मला किंवा माझ्या माणसाला देतो ते कुरेरु. आणि 'आहे'चेही दोन : निर्जीवासाठी आरु, सजीवासाठी इरु. विशेषणं काळ दाखवतात : आत्सुइ (गरम आहे), आत्सुकात्ता (गरम होतं). या चार गोष्टींसाठी स्वतंत्र पान करा. माझ्या वहीत सर्वांत जास्त लाल शाई तिथेच आहे.

कांजि

कांजि म्हणजे चिनीतून आलेली, अर्थ दाखवणारी अक्षरं. नित्य वापराच्या कांजिंची सरकारी यादी २१३६ची, त्यांतल्या १०२६ प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत शिकवतात. जपानी मुलांनाही इतकी वर्षं लागतात, तेव्हा पहिल्या वर्षी शे-दीडशे आल्या तरी उत्तम चाललंय असं समजा.

एका कांजिचे दोन-दोन उच्चार का, हा सर्वांचा प्रश्न. त्याचं उत्तर 'पाणी' आणि 'जल' या जोडीत आहे. सुटा शब्द वापरताना आपण पाणी म्हणतो, पण जोडशब्दात जलमार्ग, जलाशय. जपानीत पाण्याची कांजि एकटी आली तर 'मिझु', हा देशी शब्द. जोडशब्दात आली तर 'सुइ', हा चिनीतून आलेला उच्चार. सगळीकडे इतकं नेटकं नसतं, पण सुरुवातीला हा अंदाज बहुतेकदा बरोबर येतो. त्यामुळे कांजि एकेकटी, उच्चारांच्या यादीसह पाठ करू नका. शब्दातच शिका.

पहिल्या सात कांजि वारांच्या घ्या : सूर्य, चंद्र, अग्नी, पाणी, झाड, सोनं, माती. निचियोऽबि सूर्याचा म्हणजे रविवार, गेत्सुयोऽबि चंद्राचा म्हणजे सोमवार. जपानीत मंगळ हा अग्नितारा, बुध जलतारा, गुरू काष्ठतारा, शुक्र सुवर्णतारा आणि शनी मृत्तिकातारा. म्हणजे त्यांचा मंगळवार अग्नीचा, बुधवार पाण्याचा, आणि ग्रह तेच, क्रमही तोच. सात कांजि आणि सात वार एका संध्याकाळी येतात.

पहिल्या शंभर कांजि हाताने लिहा. रेघांचा क्रम (वरून खाली, डावीकडून उजवीकडे) आणि घटक एकदा अंगवळणी पडले, की पुढच्या ओळखता आल्या तरी पुरे, कारण लिहिणं बहुतेक फोनवरच होतं. डावीकडे तीन थेंब दिसले की पाण्याशी संबंध असण्याची शक्यता मोठी. असे वीस-पंचवीस घटक लवकर ओळखा.

रोजचा तास

एक तास मिळतो असं धरतो. पहिली पंधरा मिनिटं शब्दांची उजळणी. विसरायच्या बेतात असताना कार्ड पुन्हा दाखवणारी ॲप असतात, त्यांतलं आंकि मला सर्वांत भरवशाचं वाटतं. (आंकि हा जपानी शब्दच आहे, अर्थ पाठांतर.) तयार इंग्रजी संच न घेता स्वतःची कार्डं करा : एका बाजूला जपानी वाक्य, दुसऱ्या बाजूला तुम्ही सहज बोलाल तसं मराठी. नवे शब्द रोज आठ-दहाच. उत्साहाच्या भरात पंचवीस घेतले तर महिनाभरात उजळणी इतकी साचते की माणूस ॲप उघडेनासा होतो.

मग पंचवीस मिनिटं एक धडा. कुठलंही एक पाठ्यपुस्तक निवडा आणि संपेपर्यंत बदलू नका. जपान फाउंडेशनच्या 'मिनातो' या संकेतस्थळावर स्वतःहून शिकण्याचे विनामूल्य अभ्यासक्रम आहेत. एनएचके वर्ल्डचे ध्वनीसह धडेही विनामूल्य आहेत. उरलेल्या वीस मिनिटांत त्याच धड्याचा ध्वनी लावा आणि बोलणाऱ्याच्या अर्ध्या श्वासाच्या अंतराने मागोमाग म्हणा. आठवड्यातून एकदा स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रित करून मूळ ध्वनीशेजारी ऐका. आखूड झालेले लांब स्वर तिथे पकडले जातात, एरवी नाही.

तीन-चार महिन्यांनी वाचन सुरू करा. 'तादोकु' म्हणून एक पद्धत आहे : अगदी सोप्यापासून सुरुवात, शब्दकोश बाजूला, न कळलेलं सोडून पुढे जायचं, कंटाळा आला तर पुस्तक बदलायचं. नवशिक्यांसाठी पायरीपायरीने लिहिलेली छोटी चित्रपुस्तकं ही पद्धत चालवणारी मंडळी विनामूल्य देतात.

परीक्षा द्यायची असेल तर जेएलपीटी, म्हणजे जपानी भाषा प्रावीण्य परीक्षा. २०१० पासून तिचे पाच स्तर आहेत, एन५ सर्वांत सोपा. जुलै आणि डिसेंबरमध्ये होते. एन५ला १८० पैकी ८० गुण लागतात, पण श्रवणात ६० पैकी किमान १९ आणि उरलेल्या भागात १२० पैकी ३८ हवेतच. नियमित तासभर दिला तर वर्षाच्या आत एन५ची तयारी होऊ शकते. मात्र या परीक्षेत बोलणं नाही आणि निबंधलेखनही नाही. निव्वळ परीक्षेमागे लागलेल्यांना पुढच्या स्तरावर पोचूनही तोंड उघडता येत नाही, हे मी जवळून पाहिलं आहे.

म्हणून झोपण्याआधी तीन ओळींची दैनंदिनी लिहा, पहिल्या महिन्यापासून. आज काय केलं, कुठे गेलात, काय आवडलं. आधी ती मराठीत मनाशी म्हणा, मग शब्दाखाली शब्द ठेवत जपानीत उतरवा आणि मोठ्याने वाचा. जो शब्द अडेल तोच उद्याच्या कार्डावर घ्या.